टेकलेला कोपरा

त्याचं खरं नाव मतदार यादीत तेवढं उरलं होतं. बाकी सगळ्या शहराला तो 'शाबूत' म्हणूनच माहीत, आणि हे नाव पडलं त्याच्याच तोंडामुळे. काच गाडीतून उतरली की तो मोठ्यांदा म्हणे, "शाबूत." भिंतीला टेकवून उभी केली की पुन्हा, "शाबूत." चौकटीत बसली, स्क्रू आवळून झाले, की शेवटचं, जरा लांबवून, "शाबूत." कुणी विचारो न विचारो. ऐकून ऐकून लोकांनी तेच नाव त्याला चिकटवलं. आणि नाव काही फुकटचं नव्हतं. मिसरूड फुटल्यापासून तो काच बसवत आला होता आणि त्याच्या हातून एकही काच फुटलेली नव्हती. असं तो ज्याला त्याला सांगे. फुशारक्या मारणाऱ्या माणसाचं बोलणं आपण निम्मं सोडून देतो, पण ह्याचं हे बोलणं खरं होतं.

अशा माणसाशी संसार करणं म्हणजे सोपं काम नव्हे. त्याच्या घरात काचेचा साधा पेला नव्हता. पाणी स्टीलच्या पेल्यात, चहा स्टीलच्या पेल्यात, साखर प्लास्टिकच्या बरणीत. नवीन माणूस घरी आलं की बायको म्हणे, "आमच्याकडे काच फक्त ह्यांच्या चष्म्याला. तीसुद्धा नसती, पण मग मी दिसले नसते." तो हसे. घरात पेला फुटला आणि गल्लीत बोभाटा झाला तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं तोही वर गमतीनं म्हणे. पण ती गंमत नव्हती. माणसाला नाव मिळतं तेव्हा बरं वाटतं. पुढं माणूसच त्या नावाच्या नोकरीला लागतो. ह्याची नोकरी तर दिवसरात्रीची होती.

धंदा त्याला शिकवला दादानं, थोरल्या भावानं. दादाचा एक डोळा काचेनं नेला होता. एका कापडदुकानाचं दार, दुसऱ्याच कुणीतरी बसवलेलं. दादा फक्त कुलूप बदलायला गेला. कुलपापाशी वाकला आणि दार कुणी न ढकलता, कुणी न आपटता फुटलं. साधी काच बिचारी आधी तडकते, रेघ ओढते, माणसाला बाजूला व्हायला वेळ देते. दारांना लावतात ती टफन काच तसली नसते. भट्टीत तापवून एकदम गार केलेली असते ती, सगळा ताण आत कोंडून घेऊन उभी राहते. मधोमध बुक्क्या मारा, ती ढिम्म हलत नाही. तिचं मर्म असतं कडेला आणि कोपऱ्यांना. कोपरा दगडाला टेकला, नखाएवढा टवका उडाला, की तिचा भरवसा संपला. आज फुटेल, पुढच्या हिवाळ्यात फुटेल, कदाचित कधीच फुटणार नाही. दादा शिकवताना बाकी सगळं एकदा सांगे. हे एकच पुन्हा पुन्हा सांगे.

"कोपरा टेकला की ती काच मेली म्हणून समज. लावायची नाही. तिथल्या तिथं आपल्या हातानं फोडायची आणि लोक काय बोलतील ते खाली मान घालून ऐकायचं. तू नाही फोडलीस तर कधी फुटायचं ते ती ठरवणार."

दादा आता घराच्या पुढच्या खोलीत आरसे आणि तसबिरी मढवत बसे. धाकट्याचं नाव कुणी काढलं की त्याचा उरलेला डोळा चमके.

शहरातलं जुनं चर्च होतं ते टेकाडाच्या उतारावर. त्याचं लाकडी दार इतकं जड, की ते उघडायला खांदा लावावा लागे, आणि तो खांदा बरीच वर्षं शाबूतच्या बायकोचा होता. चर्चची झाडलोट तीच करी. सकाळी दार उघडायचं, बाकं पुसायची, मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण खरवडायचं. दार उघडं ठेवलं तर वारा मेणबत्त्या विझवे आणि रस्त्यावरचे भोंगे प्रार्थनेत येऊन बसत. मिटलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, आज बंद आहे. तेव्हा फादरनी आणि मंडळींनी ठरवलं, की लाकडी दारं दिवसभर भिंतीशी उघडी ठेवायची आणि त्यांच्या आत काचेची दोन दारं बसवायची. काही म्हाताऱ्यांनी आरडाओरडा केला, की देवाच्या घराला शोरूम करू नका. पण आर्किटेक्ट बाईंनी चित्र काढून दाखवलं. काचेतून आतला दिवा रस्त्यावरून दिसत होता. म्हातारे गप्प झाले.

काम शाबूतकडे येणार हे ठरल्यासारखंच होतं. नवऱ्याच्या हाताची दारं आपल्या चर्चला लागणार म्हटल्यावर बायकोचे पाय जमिनीवर ठरेनात. बाजारात भाजीवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांना तिनं सांगून टाकलं. शाबूतनं तिला वरवर दटावलं, पण आतून त्याला गुदगुल्या झाल्या.

कमान जुनी, तीनशे पावसाळे खाल्लेली. दोन्ही बाजू एका रेषेत नव्हत्या. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की ती कापता येत नाही, घासता येत नाही. जी आली ती आली. म्हणून शाबूतनं पातळ प्लायचा साचा करून दुसऱ्या शहरातल्या कारखान्याला पाठवला. काचा यायला बरेच आठवडे लागले. तोवर उद्घाटनाची तारीख छापून वाटून झाली होती, बाहेरगावचे पाहुणे यायचे ठरले होते.

बसवायच्या दिवशी चर्चच्या अंगणात जत्रा जमावी तशी माणसं जमली. फादर होते, आर्किटेक्ट बाई होत्या, मंडळी होती, आणि खराटा हातात धरून, जणू आपण कामातच आहोत असं दाखवत, शाबूतची बायको एका बाजूला उभी होती. पहिलं दार लोण्यासारखं बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काचेच्या कामात टाळ्या हे अपशकुनी प्रकरण आहे. हात कामात असताना कान माणसाचे लोकांकडे जातात.

दुसऱ्या काचेच्या वेळी व्हायचं ते झालं. उंबरठ्याचा दगड मधोमध झिजून खोलगट झाला होता. इतक्या पिढ्यांचे पाय त्यावरून गेलेले. काच आधी लाकडी गुटक्यांवर टेकवायची आणि मग तिच्या खालच्या कडेला स्टीलची खोबणीची पट्टी चढवायची, अशी पद्धत. खोलगट दगडावर गुटका डुगडुगतो, म्हणून त्याच्याखाली रबराचा तुकडा लागतो. पहिल्या वेळी शाबूतनं तो घातला होता. आता तो तुकडा पलीकडच्या बाजूला राहिला होता. एरवी त्यानं सगळ्यांना थांबवलं असतं, स्वतः उठून गेला असता, रबर आणलं असतं. पण समोर इतकी माणसं. रबरी पकडींनी काच उचलून धरलेली त्याची माणसं घामाघूम झालेली. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे त्याचं ते सफाईदार दिसणं. क्षणभराचं तर काम आहे, असं म्हणून त्यानं गुटका तसाच ठेवला आणि खूण केली, की सोडा.

गुटका कलंडला. काच बोटभरसुद्धा खाली गेली नाही, माणसांनी सावरली. पण मधल्या बाजूचा, दोन्ही दारं जिथं भेटतात तिथला, खालचा कोपरा दगडाला टेकला.

आवाज काय तो, दातानं सुपारी फुटावी एवढाच. ज्याचा कान जमिनीशी होता त्यालाच तो ऐकू आला. शाबूतनं अंगठा फिरवला. मसुराच्या दाण्याएवढा टवका गेला होता. त्यानं अंगठा तिथंच दाबून धरला.

"काय झालं? ठीक आहे ना?" फादरनी वरून विचारलं.

ह्या ठिकाणी त्याला हातोडी मागता आली असती. माणसं मागं हटवून त्यानं काच फोडली असती तर उद्घाटन पुढं गेलं असतं, म्हाताऱ्यांना बोलायला तोंड मिळालं असतं आणि बाजारात महिनाभर थट्टा झाली असती. बस, एवढंच. पण त्यानं मान वर केली तर समोर बायको, खराटा छातीशी धरून त्याच्या शब्दाची वाट बघत उभी. तो शब्द तिच्या आवडीचा होता.

"शाबूत," तो म्हणाला.

आणि कोपऱ्यावर स्टीलची पट्टी चढली.

उद्घाटन थाटात झालं. सकाळचं ऊन काचेतून थेट आतपर्यंत गेलं आणि म्हाताऱ्यांनीसुद्धा मान डोलावली. दादाला कुणीतरी हात धरून आणलं होतं. त्यानं काचेवरून तळवा फिरवला, दोन्ही दारं उघडून मिटून पाहिली, कोपरे बघितलेस ना म्हणून विचारलं, आणि धाकट्यानं मान हलवल्यावर सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर थाप मारली. "माझ्या डोळ्याचं चीज केलंस," तो म्हणाला. शाबूतला त्या रात्री जेवण गेलं नाही. दगदग झाली असेल, असं बायको म्हणाली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ज्याची मूठ त्याला आत काय आहे ते ठाऊक असतंच ना. पहिले काही दिवस तो काही ना काही निमित्त काढून चर्चवर जाई. स्क्रू बघतो, बिजागरीला तेल देतो, दार घासतंय का पाहतो. खाली वाकून पट्टीजवळ डोळा नेई. बाहेरून काही दिसत नसे. फादर कौतुकानं म्हणत, की काम संपल्यावरही येऊन बघणारा कारागीर आजकाल मिळत नाही. ते कौतुक त्याला काट्यासारखं टोचे.

पण खरा जिवाला घोर लागला तो वेगळ्याच गोष्टीनं. एका सकाळी तो बाकावर बसून बघत होता आणि बायको दारं पुसत होती. तिची पुसायची एक रीत होती. आधी ओलं फडकं, मग कोरडा कागद, वरून खाली. शेवटी ती गुडघ्यांवर बसे आणि जिथं दोन्ही दारं एकमेकांना भेटतात तिथं, त्या खालच्या पट्टीवर, तोंड अगदी जवळ नेऊन हाः करून वाफ सोडे आणि पदरानं घासून स्टील लख्ख करी. आत जाणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथंच पडते, असं तिचं म्हणणं. तो टवका तिच्या चेहऱ्यापासून वीतभरावर होता. मध्ये स्टीलचा एक पातळ पत्रा. शाबूतला दादाचा मिटलेला डोळा आठवला आणि तो ताडकन बाकावरून उठला.

त्या दिवसापासून तो तिच्या मागं लागला, की चर्चचं काम सोड. आधी म्हणाला, गुडघे दुखतात तुझे. ती म्हणाली, ते घरातली फरशी पुसतानाही दुखतात, ती कोण पुसणार? मग म्हणाला, आता आपलं बरं चाललंय, लोकांची झाडलोट कशाला? ह्यावर ती फडकं हातात तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"मी झाडू मारते ह्याची लाज वाटायला लागली तुम्हाला," ती म्हणाली. "इतकी वर्षं नाही वाटली. ते दार लागल्यापासून वाटते."

एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण सांगितलं की ती उद्या फादरना सांगणार, फादर आर्किटेक्ट बाईंना सांगणार, आणि दादाला तर कळणारच. तो गप्प बसला. गप्प बसणं म्हणजे हो, असं तिनं धरलं. कुठल्याही बाईनं तेच धरलं असतं. तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोले. पूर्वी चर्चमध्ये कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, फादरना सर्दी झाली, अमकीनं नवी टोपी घातली, सगळी बातमीपत्रं रात्री जेवताना त्याला ऐकावी लागत. ती बंद झाली. जेवताना चमचे तेवढे वाजत.

गुपचूप दुसरी काच करून आणावी, बिजागरीचं निमित्त करून बदलून टाकावी, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण साचा कारखान्यातून परत आला तो आर्किटेक्ट बाईंकडे, आणि साचा मागायचा म्हणजे कारण सांगायचं. आज बघू, उद्या बघू, असं करता करता आठवडे उलटले. काच उभी होती. तिच्यातून माणसं आत जात होती, बाहेर येत होती. नवरानवरी गेली, शवपेट्या गेल्या, दाणकन दार ढकलणारी पोरं गेली. काही झालं नाही. भीतीचीही माणसाला सवय होते. कदाचित दादाचा नियम उगाच कडक असेल, असं त्याला वाटू लागलं. कदाचित ही काच त्या न फुटणाऱ्यांतली असेल. मनातली पाल मध्येच चुकचुके, तो कूस बदले आणि झोपी जाई.

मग थंडी पडली. एका संध्याकाळी तो दादाकडे बसला असताना बातमी आली, की बाजारातल्या औषधाच्या दुकानाचं दार दुपारी आपोआप फुटलं. जवळ कुणी नव्हतं, नशीब. दादा आरशाच्या मागं खिळे ठोकत होता, तो थांबला.

"आपोआप काही फुटत नाही," तो म्हणाला. "लावताना कोपरा टेकला असणार. आणि लावणाऱ्याला माहीत असणार. तो रोज जेवतोय, झोपतोय, आणि त्याला माहीत आहे."

शाबूत चप्पल घालून निघाला तो कुठल्या रस्त्यानं घरी आला हे त्याला कळलं नाही. येता येता त्याचा बेत ठरला. उद्या पहाटे, बायको जायच्या आत, चर्चवर जायचं. किल्ली खुंटीला होतीच. काचेवर जाड घोंगडी टाकायची आणि हातोडीनं तो कोपरा उडवायचा. खेळ खलास. मग फादरकडे जाऊन सांगायचं, की दार आपोआप फुटलं, औषधवाल्याचं फुटलं तसं, थंडीनं. नवी काच मी पदरचे घालून बसवतो. बघा, एवढं होऊनही त्याच्या बेतात त्याचं नाव कसं जागच्या जागी राहत होतं! आणि ते तसं राहावं म्हणूनच त्यानं त्या रात्री बायकोला काही सांगितलं नाही. ती पाठ करून झोपली होती. तो घोंगडी आणि हातोडी दाराशी ठेवून आडवा झाला.

आपल्याला उशीर झाला असं त्याला डोळे उघडताक्षणी वाटलं, पण बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं. बाजूचं अंथरूण गार होतं. स्वयंपाकघरात शेगडीवरचं मोठं पातेलं रिकामं, आणि हात लावला तर कोमट. बादली नव्हती. किल्ली खुंटीला नव्हती. त्या दिवशी सकाळी चर्चमध्ये लग्न होतं, म्हणून ती नेहमीपेक्षा लवकर गेली होती, आणि थंडीत हात गारठतात म्हणून गरम पाणी घेऊन गेली होती. पूर्वीसारखं बोलणं असतं तर हे तिनं त्याला रात्रीच सांगितलं असतं, नवरीच्या कपड्यांसकट.

तो घोंगडी खांद्यावर टाकून धावत सुटला. दूधवाला काहीतरी म्हणाला ते त्याला ऐकू आलं नाही. टेकाडाच्या चढावर त्याला धाप लागली, एक चप्पल निघून गेली. अंगणात शिरला तेव्हा लाकडी दारं उघडी होती आणि आतले दिवे लागलेले. काच इतकी स्वच्छ, की नाहीच असं वाटावं. तिच्यामागं बायको गुडघ्यांवर बसून खालच्या पट्टीवर गरम फडकं फिरवत होती. बादलीतून वाफा निघत होत्या.

त्यानं हाक मारली. मग ओरडला. घशाची शीर तुटेपर्यंत ओरडला. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणूनच ती दारं बसवली होती, आणि बसवणारा हाताचा पक्का होता. ती पुसत राहिली. तो अंगण ओलांडून जवळ येऊ लागला तेव्हा हालचाल दिसली म्हणून तिनं मान वर केली. आधी तिला आश्चर्य वाटलं. मग त्याच्या खांद्यावरची घोंगडी तिला दिसली आणि तिचा चेहरा उजळला. किती दिवसांनी. थंडी आहे म्हणून हे आपल्यासाठी घेऊन आले, धावत आले, असं तिला वाटलं. तो दोन्ही हातांनी तिला मागं हो, मागं हो, असं सांगत होता. ती एका हातानं पदर सावरत उठली आणि दुसरा हात तिनं दाराच्या दांडीला घातला, त्याला आत घ्यायला.

ट्रकमधून खडी ओतावी तसा आवाज झाला. समोरची काच एका क्षणी होती आणि दुसऱ्या क्षणी नव्हती, आणि आता त्याला तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

दवाखान्यात तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. एक वाचेल, दुसऱ्याचं पट्टी काढल्यावर सांगू, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर बाकावर दादा बसला होता. त्यानं काही विचारलं नाही, एका डोळ्यानं नुसता बघत राहिला. फादर खिडकीशी उभे होते. बादली त्यांनी पाहिली होती. थंड काचेवर गरम पाणी पडल्यावर दुसरं काय होणार, असं ते हळू आवाजात मंडळींना सांगत होते, आणि त्या बिचारीला कुणी दोष देऊ नका, असंही.

तो आत जाऊन खाटेजवळ बसला. तिला पावलांवरून कळलं. तिनं हात चाचपत पुढं केला, त्यानं तो धरला.

"अहो, माझ्या हातून फुटली," ती म्हणाली. "पाणी गरम होतं. हात गारठले होते म्हणून आणलं, मेलीनं. तुमची एकसुद्धा काच कधी फुटली नव्हती."

दुसऱ्या हातानं त्यानं तिचं पांघरूण सारखं केलं.

"मी काय म्हणते, सगळ्यांना तसंच सांगा. हिनं गरम पाणी टाकलं म्हणून. मला कोण विचारतंय? तुमच्या नावाला बट्टा नको."

ती हे मनापासून बोलत होती. बाहेर फादरनी ते सांगूनच टाकलं होतं. ह्यानं नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. जन्मभर कुणी विचारलं नसतं. त्याच्या हातात तिचा हात होता, बोटं मेणानं आणि पाण्यानं खरबरीत झालेली, दोन ठिकाणी चिकटपट्ट्या.

"पाण्यानं नाही फुटली," तो म्हणाला. "लावताना कोपरा टेकला होता."

"अगं बाई. आणि कुणाला कळलंच नाही?"

"मला कळलं होतं."

तिचे डोळे दिसत नव्हते, त्यामुळे तिला काय वाटतंय हे त्याला समजेना. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं.

"म्हणून काम सोड म्हणत होतात," ती म्हणाली.

"हो."

"सांगायचं होतंत."

ती ऐकत राहिली, अजून काही येईल म्हणून.

"मी रोज तोच कोपरा पुसत होते," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातून हात काढून घेऊन तिनं तो पांघरुणाखाली नेला.